एक गोळी, तीन प्रश्न

आमच्या परिचयाच्या एक बाई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. गेल्या वर्षी त्यांचे वडील जठराच्या कर्करोगाने गेले. वडिलांना आम्लपित्ताचा जुना त्रास होता. छातीत जळजळ सुरू झाली की ते रॅनिटिडिनची गोळी घेत. पुढे पुढे ती रोजचीच झाली. महिन्याची औषधे दुकानातून आणून द्यायचे काम बाईंकडे होते. वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या वाचनात आले की, याच औषधामुळे आपल्याला कर्करोग झाला असे म्हणत अमेरिकेत हजारो लोकांनी औषध कंपन्यांवर खटले भरले, आणि एका कंपनीने ते मिटवण्यासाठी दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली.

बाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, मला एवढंच सांगा. ते दुखणं मीच त्यांना दर महिन्याला आणून देत होते का?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणे आम्हाला जमले नाही. खरे उत्तर थोडे लांबचे आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, थोडे गणित आहे आणि कायदाही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ही गोळी असते, म्हणून ते उत्तर सर्वांसाठीच इथे मांडत आहोत.

गोळी काय करते?

आपल्या जठराच्या अस्तरात काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. आम्ल तयार करण्याचा निरोप त्यांना हिस्टामिन नावाचा रेणू देतो. पेशीच्या पृष्ठभागावर या रेणूसाठी खास जागा असतात, त्यांना 'एच-२ ग्राही' म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे हिस्टामिन या ग्राहीत बसते आणि आम्लाचे उत्पादन सुरू होते. मग कुलपात बसेल, पण कुलूप उघडणार नाही अशी एखादी खोटी किल्ली तयार केली तर? खरी किल्ली बाहेरच राहील आणि आम्ल कमी होईल.

ही कल्पना जेम्स ब्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाची. तिच्यातून सिमेटिडिन हे औषध तयार झाले आणि १९७६ साली बाजारात आले. तोपर्यंत जठरातील व्रणांवर पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागे. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हेही एक काम होते. ग्लॅक्सो कंपनीच्या इंग्लंडमधील प्रयोगशाळेत याच धर्तीवर रॅनिटिडिन तयार झाले. १९८१ साली ते ब्रिटनमध्ये आणि १९८३ साली अमेरिकेत 'झँटॅक' या नावाने विक्रीला आले. काही वर्षांतच ते जगातील सर्वाधिक खपाचे औषध ठरले. आपल्याकडे रॅनटॅक, झिनटॅक, ॲसिलॉक या नावांनी ते घराघरांत पोहोचले.

या औषधाने असंख्य लोकांना आराम दिला. पुढचे सारे वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

संशय कुठून आला?

२०१८ साली रक्तदाबावरील वलसार्टन या औषधाच्या काही साठ्यांत एनडीएमए, म्हणजे नायट्रोसोडायमिथाइलअमाइन, हे नको असलेले द्रव्य सापडले. ते औषध बनवण्याच्या प्रक्रियेत तयार झाले होते. साहजिकच इतर औषधांतही ते आहे का, याचा शोध सुरू झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील व्हॅलिशूर या खासगी प्रयोगशाळेने तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला. रॅनिटिडिनच्या एकेका गोळीत तीस लाख नॅनोग्रॅमच्या आसपास एनडीएमए सापडते, असे त्यात म्हटले होते. अमेरिकी प्रशासनाने दिवसाला स्वीकारार्ह धरलेली मर्यादा आहे ९६ नॅनोग्रॅम. म्हणजे हे प्रमाण मर्यादेच्या तीस हजार पट झाले!

हे द्रव्य शास्त्रज्ञांना नवे नव्हते. द्रावक म्हणून ते हाताळणाऱ्या माणसांच्या यकृताला इजा झाल्याचे पाहून बार्न्स आणि मॅगी या ब्रिटिश संशोधकांनी त्याचा अभ्यास सुरू केला. ते खाऊ घातलेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग होतो, हे त्यांनी १९५६ साली दाखवून दिले. त्याच सुमारास नॉर्वेत हेरिंग माशांची पूड खाणारी जनावरे यकृताच्या विकाराने मरू लागली. मासे टिकावेत म्हणून त्यांत नायट्राइट घातले होते. माशांतील अमाइन आणि हे नायट्राइट यांच्या संयोगातून एनडीएमए तयार झाल्याचे पुढे कळले.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना ही अभिक्रिया ओळखीची वाटेल. दुय्यम अमाइनवर नायट्रस आम्लाची क्रिया झाली की पिवळसर, तेलकट नायट्रोसोअमाइन मिळते, असे पुस्तकांत असते. (ही अभिक्रिया फळ्यावर जरूर दाखवावी, परीक्षानळीत मात्र करू नये.)

शरीरात शिरल्यावर एनडीएमएचे यकृतातील विकरांमुळे विघटन होते. त्यातून निघणारा अतिशय क्रियाशील तुकडा डीएनएला एक मिथाइल गट चिकटवतो. डीएनएमध्ये ग्वानिनची जोडी एरवी सायटोसिनशी जमते, पण विशिष्ट जागी मिथाइल गट चिकटलेले ग्वानिन थायमिनशी जोडी जमवू लागते. नक्कल करताना एक अक्षर चुकावे तसे हे आहे. अशा बहुतेक चुका पेशी दुरुस्त करतात. एखादी राहून जाते आणि नेमकी नको त्या जागी असेल तर कर्करोगाकडे जाणारे एक पाऊल पडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एनडीएमएला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे.

आणि तरीही आपण सर्वजण थोडेथोडे एनडीएमए रोजच घेत असतो. खारवलेले व धुरावलेले मांस आणि मासे, तंबाखूचा धूर, काही ठिकाणचे पिण्याचे पाणी यांत ते असते. १९७९ च्या सुमारास ते बिअरमध्येही आढळले. माल्ट थेट ज्योतीच्या वायूंवर वाळवल्यामुळे ते तयार होत होते. वाळवण्याची पद्धत बदलली आणि प्रमाण झपाट्याने खाली आले. तेव्हा 'आहे की नाही' एवढे विचारून भागत नाही. 'किती आहे' हेही विचारावे लागते.

९६ हा आकडा आला कुठून?

विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे असे हे गणित आहे. उंदरांवरील प्रयोगांतून एक मात्रा ठरवली जाते. आयुष्यभर रोज दिली तर निम्म्या उंदरांना गाठी येतील, अशी ती मात्रा असते. एनडीएमएसाठी ती शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ०.०९६ मिलिग्रॅम धरतात. आता आपल्याला निम्म्यांना नव्हे, तर एक लाखात एकालाच धोका होईल अशी मात्रा हवी आहे. 'दोघांत एक' ऐवजी 'लाखात एक' म्हणजे धोका पन्नास हजारपट कमी. मात्राही तितक्याच पटीने कमी केली आणि माणसाचे वजन ५० किलोग्रॅम धरले, तर ०.०९६ गुणिले ५० भागिले ५०,००० असे गणित होते. उत्तर येते ०.०००००९६ नव्हे, ०.००००९६ मिलिग्रॅम, म्हणजेच ९६ नॅनोग्रॅम. (शून्यांची मोजणी इथे हमखास चुकते, म्हणून मुद्दाम दोन्ही आकडे दिले.)

याचा अर्थ काय? एक लाख लोकांनी रोज ९६ नॅनोग्रॅम एनडीएमए सत्तर वर्षे घेतले, तर त्यांच्यात कर्करोगाचा एक रुग्ण जास्तीचा होईल असा हा अंदाज आहे. भारतात जन्मभरात साधारण नऊ जणांमागे एकाला कर्करोग होण्याची शक्यता आहे, असे आपल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज सांगतो. म्हणजे त्या एक लाखांत अकरा हजारांहून अधिक जणांना तो तसाही होणारच. मर्यादा पाळूनही एनडीएमएमुळे त्यांत भर पडेल ती एकाची.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, ही मर्यादा अतिशय सावधपणे आखलेली आहे. ती ओलांडली म्हणजे माणूस आजारी पडलाच, असे नाही. दुसरी, जादा धोका लहान असेल तर अकरा हजारांच्या गर्दीत तो एकटा शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते. पुढे न्यायालयात जी अडचण आली तिचे मूळ इथेच आहे.

मोजताना तयार होणारे विष

तीस लाख नॅनोग्रॅमच्या त्या आकड्याकडे परत येऊ. व्हॅलिशूरने वापरलेल्या नेहमीच्या पद्धतीत नमुना १३० अंश सेल्सियसपर्यंत तापवला जात होता. रॅनिटिडिनच्या रेणूत एका टोकाला दोन मिथाइल गट जोडलेला नायट्रोजन आहे आणि दुसऱ्या टोकाला नायट्रो गट आहे. एनडीएमए तयार व्हायला लागणारा दोन्ही प्रकारचा माल एकाच रेणूत हजर! रेणू तापून मोडला की त्यांतून डायमिथाइलअमाइन आणि नायट्राइट सुटतात आणि त्यांचे एनडीएमए बनते. म्हणजे मापनाच्या कृतीतच मोजायची वस्तू तयार होत होती. अमेरिकी प्रशासनाने न तापवता मोजण्याची पद्धत वापरली, तेव्हा आकडे कितीतरी पटींनी खाली आले. भाजलेल्या किंवा धुरावलेल्या मांसातून जेवढे एनडीएमए पोटात जाते साधारण तेवढेच ते होते, असे प्रशासनाने सांगितले.

मग सारा गोंधळच होता का? तसे नाही. कमी झालेले आकडेही काही गोळ्यांत ९६ च्या वर होते. शिवाय भट्टीत जे काही मिनिटांत घडते तेच कपाटात हळूहळू घडत होते. साठवणुकीच्या काळात, नेहमीच्या तापमानालाही, एनडीएमए वाढत जाते आणि उष्णतेत ते अधिक वेगाने वाढते, असे प्रशासनाला आढळले. वलसार्टनमध्ये दोष बनवण्याच्या प्रक्रियेत होता. इथे दोष रेणूच्या घडणीतच होता. म्हणून १ एप्रिल २०२० रोजी रॅनिटिडिनची सर्व औषधे अमेरिकी बाजारातून काढून घेण्यास प्रशासनाने सांगितले. त्याच महिन्यात युरोपच्या औषध संस्थेनेही ती स्थगित करण्याची शिफारस केली.

आणखी एक शंका होती. गोळीत नसले तरी पोटात गेल्यावर रॅनिटिडिनपासून एनडीएमए तयार होत असेल तर? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोळी घेतल्यावर लघवीतील एनडीएमए प्रचंड वाढल्याचे म्हटले होते. मापनाच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभे राहिल्यावर तो निबंध २०२१ साली मागे घेण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकी प्रशासनाने अठरा निरोगी व्यक्तींवर काटेकोर चाचणी केली. त्यांना रॅनिटिडिन आणि निष्क्रिय गोळी आलटून पालटून दिली, खारवलेल्या मांसाचा आहारही देऊन पाहिला. लघवीतील एनडीएमएत रॅनिटिडिनमुळे वाढ दिसली नाही.

माणसांमध्ये काय दिसले?

प्रयोगशाळेतील पुरावा एवढा. आता खुद्द गोळी घेणाऱ्यांकडे पाहू. रॅनिटिडिन घेणाऱ्यांत कर्करोग किती जणांना झाला आणि न घेणाऱ्यांत किती जणांना, एवढी तुलना केली की झाले, असे कुणालाही वाटेल. पण इथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा असा की, गोळी ज्या त्रासासाठी घेतात तो त्रासच काही वेळा कर्करोगाशी जोडलेला असतो. अनेक वर्षे आम्ल वर येत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे व्रण होतात, आणि जठराच्या कर्करोगाचेही ते एक प्रस्थापित कारण आहे. व्रणाच्या दुखण्यासाठी गोळी घेणाऱ्यांत कर्करोग जास्त दिसला, तर दोष गोळीचा की जिवाणूचा?

दुसरा खड्डा काळाच्या क्रमाचा आहे. जठराच्या कर्करोगाची पहिली लक्षणे पुष्कळदा अपचन आणि जळजळ हीच असतात. माणूस गोळी सुरू करतो आणि वर्षभराने निदान होते. गोळी आधी, निदान नंतर, म्हणून गोळी हे कारण असे वाटते. प्रत्यक्षात आजार आधीपासूनच तिथे होता.

तिसरा खड्डा म्हणजे इतर सवयी. तंबाखू, दारू, आहार यांचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

यावर एक चांगला उपाय आहे. रॅनिटिडिन घेणाऱ्यांची तुलना त्याच त्रासासाठी फॅमोटिडिनसारखे त्याच कुळातील औषध घेणाऱ्यांशी करायची. दोन्ही गटांना जळजळ आहे, दोघेही डॉक्टरकडे जाणारे आहेत, फरक आहे तो फक्त औषधाचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सात देशांतील सुमारे ११ लाख ८४ हजार लोकांच्या नोंदी अशा रीतीने तपासल्या गेल्या. रॅनिटिडिनच्या गटातील कर्करोगाचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या १.०४ पट निघाले, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. थोडक्यात, एवढ्या लोकांत पाहूनही गोळीमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. 'धोका शून्य आहे' असे कुठलाही अभ्यास सिद्ध करू शकत नाही. पण धोका असलाच तर तो मोठा नाही, असे तो सांगू शकतो.

न्यायालयाची फूटपट्टी

२०१९ नंतर अमेरिकेत खटल्यांचा पूर आला. झँटॅकची मालकी वेळोवेळी बदलत गेल्यामुळे ग्लॅक्सो, फायझर, बोरिंगर इंगेलहाइम आणि सनोफी अशा चार मोठ्या कंपन्या प्रतिवादी होत्या. केंद्रीय न्यायालयांतील दावे फ्लोरिडात न्यायाधीश रॉबिन रोझेनबर्ग यांच्यासमोर एकत्र आणले गेले.

अमेरिकेत अशा खटल्यांत तज्ज्ञ साक्षीदारांची शास्त्रीय मते ज्यूरीपुढे जाण्यापूर्वी न्यायाधीशाने ती चाळून घ्यायची असतात. हा दंडक तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डॉबर्ट खटल्यात घालून दिला. तो खटलाही एका औषधाचाच होता. गरोदरपणातील उलट्यांवरील बेंडेक्टिनमुळे बाळात व्यंग येते, असा त्यात दावा होता. तज्ज्ञाचे मत तपासून पाहता येते का, ते समव्यावसायिकांनी तपासले आहे का, चूक होण्याचे प्रमाण किती, इतर शास्त्रज्ञांना ती पद्धत मान्य आहे का, असे प्रश्न न्यायाधीशाने विचारायचे असतात.

६ डिसेंबर २०२२ रोजी रोझेनबर्ग यांनी तीनशेहून अधिक पानांचा निर्णय दिला. वादींच्या तज्ज्ञांनी रबर कारखान्यांतील कामगार आणि आहारातील एनडीएमए यांच्या अभ्यासांवर पुष्कळ भर दिला होता. तिथून रॅनिटिडिनपर्यंत पोहोचण्याची त्यांची पद्धत विश्वासार्ह नाही, आणि खटल्याबाहेरचा कुणीही शास्त्रज्ञ 'रॅनिटिडिनने कर्करोग होतो' या निष्कर्षाला आलेला नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. तज्ज्ञांची साक्ष नाकारली गेली आणि ते दावे तिथेच कोसळले.

राज्यांच्या न्यायालयांत मात्र वेगळे घडत होते. मे २०२४ मध्ये इलिनॉयमध्ये ज्यूरीपुढे चाललेल्या पहिल्या खटल्यात निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस डेलावेअरच्या न्यायाधीशांनी त्याच प्रकारच्या तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य धरली आणि सत्तर हजारांहून अधिक दाव्यांचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्लॅक्सोने सुमारे ऐंशी हजार दावे २.२ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम देऊन मिटवायचे ठरवले, मात्र दोष मान्य केला नाही. जुलै २०२५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा तो निर्णय रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले.

दोष मान्य नाही तर पैसे का? भागाकार करून पाहा. २.२ अब्ज भागिले ऐंशी हजार म्हणजे दर दाव्यामागे सरासरी साडेसत्तावीस हजार डॉलर. ऐंशी हजार खटले एकेक करून लढवण्याचा खर्च आणि त्यांतील थोडे जरी हरले तरी बसणारा फटका यांच्यापुढे ही रक्कम कंपनीला परवडणारी वाटली असणार. तडजोडीची रक्कम पाहून शास्त्रीय सत्य ठरवता येत नाही, ना कंपनीविरुद्ध, ना तिच्या बाजूने.

कंपनीच्या वागण्याचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. नायट्राइटच्या सान्निध्यात रॅनिटिडिनपासून एनडीएमए तयार होते, असे ग्लॅक्सोच्याच एका शास्त्रज्ञाला १९८२ साली प्रयोगात दिसले होते, पण हा अहवाल अमेरिकी प्रशासनाला दिला गेला नव्हता, अशी माहिती २०२३ साली ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केली. प्रयोगातील नायट्राइटचे प्रमाण पोटात कधीच आढळणार नाही इतके जास्त होते, असे कंपनीचे म्हणणे आहे. ते खरे मानले तरी, असा निष्कर्ष उघड झाला असता तर पुढची तपासणी चाळीस वर्षे खोळंबली नसती. औषध शेवटी निर्दोष ठरले, तरी माहिती दाबून ठेवणे निर्दोष ठरत नाही.

तीन प्रश्न

आता साऱ्याची सांगड घालू. एकाच गोळीबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न विचारले गेले.

औषध नियंत्रकाने विचारले, 'यातला धोका टाळता येईल का?' फॅमोटिडिनसारखी पर्यायी औषधे हाताशी होती. मग लहानसाही अनावश्यक धोका कशाला? औषध मागे घ्यायला कुणाला कर्करोग झाल्याचा पुरावा लागत नाही. संशय पुरतो, आणि पुरला पाहिजे.

न्यायालयाने विचारले, 'याच औषधामुळे याच माणसाला आजार झाला, हे न झाल्यापेक्षा अधिक शक्य आहे का?' इथे गणित कठोर होते. समजा, एखाद्या औषधाने कर्करोग १.२ पट होतो. एरवी १०० जणांना झाला असता, तो आता १२० जणांना झाला. या १२० जणांपैकी कुणीही न्यायालयात गेला, तर त्याचा कर्करोग औषधामुळे झालेला असण्याची शक्यता १२० मध्ये २०, म्हणजे सुमारे १७ टक्के. ती ५० टक्क्यांच्या वर जायला प्रमाण दुपटीहून अधिक असावे लागते. म्हणजे वीस जणांचे खरोखर नुकसान झाले असले तरी त्यांच्यापैकी एकालाही ते सिद्ध करता येणार नाही! ही कायद्याची क्रूरता नव्हे. कर्करोगाच्या गाठीवर कारणाचा शिक्का मारलेला नसतो, हे त्यामागचे वास्तव आहे.

संशोधकाचा प्रश्न तिसरा, 'खरे काय, आणि आपल्याला ते किती खात्रीने कळले आहे?' त्याला निकाल देण्याची घाई नसते. उद्या अधिक चांगला पुरावा आला तर तो आजचे उत्तर बदलेल.

'बाजारातून औषध काढले म्हणजे त्याने कर्करोग होतो', 'खटला फेटाळला म्हणजे ते सुरक्षित होते', 'कंपनीने पैसे दिले म्हणजे तिने गुन्हा कबूल केला' ही तिन्ही वाक्ये एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवतात. वर्गात ही वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकात काय चुकले ते मुलांनाच शोधू द्यावे.

आपल्याकडे काय?

भारतात रॅनिटिडिनवर बंदी आलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले गेले. २०२५ साली औषध महानियंत्रकांनी राज्यांना कळवले की, उत्पादकांकडून एनडीएमएच्या पातळीवर देखरेख ठेवून घ्यावी. उष्णता आणि दमटपणा हे या रेणूचे शत्रू आहेत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात दोहोंचीही कमतरता नाही. ज्यांच्या घरी या गोळ्या असतील त्यांनी त्या स्वयंपाकघरात, उन्हाच्या खिडकीत किंवा मोटारीत ठेवू नयेत, जुन्या पट्ट्या वापरू नयेत आणि पर्यायाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. घाबरून औषध एकाएकी बंद करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जळजळ आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, वजन घटत असेल, घास अडकत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर दुकानातून गोळी आणून वेळ काढू नये, तपासणी करून घ्यावी.

बाईंना आम्ही हे सारे सांगितले. शेवटी म्हणालो, "बाई, तुमच्या वडिलांच्या एकट्याच्या बाबतीत कारण काय होतं, हे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. पण लाखो लोकांच्या नोंदी तपासून जे कळलं आहे, त्यात तुम्हाला दोषी ठरवणारं काहीही नाही. त्यांना आराम पडावा म्हणून तुम्ही गोळी आणत होता, आणि आराम त्यांना पडत होता."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "ते ९६ नॅनोग्रॅमचं गणित नववीच्या मुलांना जमेल का हो?"

जमेल, असे आम्हाला वाटते. तुम्हीही करून पाहा. तेवढे शून्यांकडे लक्ष द्यायला सांगा.